ओळीत मिसळलेल्या आज्ञा

भारतीय हवामान विभाग जिल्ह्यांसाठी जे इशारे प्रसिद्ध करतो, त्यांत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग योजलेले असून प्रत्येक रंगाला सज्जतेची एक निश्चित पायरी जोडलेली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आले, त्या वेळी रायगड जिल्हा यांपैकी लाल रंगाखाली होता. नकाशावर असे रंग भरणे आज कोणालाही अवघड वाटणार नाही. परंतु ज्या पडद्याला चित्र ठाऊक नाही, जो केवळ एकामागून एक येणारी अक्षरे ओळींत मांडून दाखवतो, त्या पडद्यावर रेवस ते श्रीवर्धनपर्यंतच्या गावांची यादी छापताना एखाद्या गावाचे नाव लाल कसे करावे, हा प्रश्न संगणकशास्त्रात अर्धशतकापासून आहे, आणि त्याची जी उत्तरे शोधली गेली, त्यांतले एक पुण्यात विकसित झालेले होते.

अशा पडद्याला टर्मिनल म्हणतात. मूळ अर्थाने टर्मिनल म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकाला तारेने जोडलेला कळफलक आणि पडदा; रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरांच्या रांगा उमटवणारी यंत्रे अनेकांनी पाहिली असतील, ती याच घराण्यातली. आज असे स्वतंत्र यंत्र क्वचितच दिसते, मात्र त्याची हुबेहूब नक्कल करणारी खिडकी प्रत्येक लिनक्स किंवा मॅक संगणकावर असते आणि सर्व्हर सांभाळणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, संशोधनातली आकडेमोड करणारे लोक दिवसाचा बराच वेळ तिच्यासमोर घालवतात. या खिडकीत अक्षर ठळक करणे, अधोरेखित करणे, लुकलुकते ठेवणे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांची अदलाबदल करणे किंवा अक्षराला रंग देणे, या सर्वांना मिळून अक्षराचे दृश्यगुण म्हणता येईल, कारण त्यांनी अक्षर बदलत नाही, त्याचे दिसणे तेवढे बदलते.

पडद्यांच्या आधी कागदावर टंकन करणारी दूरमुद्रक यंत्रे होती आणि त्यांच्यावर ठळकपणा साधण्याची युक्ती अगदी यांत्रिक होती: अक्षर छापायचे, एक घर मागे यायचे आणि तेच अक्षर त्याच जागी पुन्हा छापायचे, अधोरेखनासाठी दुसऱ्यांदा अक्षराऐवजी आडवी रेघ. पडद्यावर ही युक्ती चालेना, कारण तिथे नवे अक्षर जुन्याला पुसून टाकते. तेव्हा दुसरा मार्ग निघाला, तो असा की मजकुराच्या प्रवाहातच मधूनमधून अशा आज्ञा मिसळायच्या, ज्या पडद्याने दाखवायच्या नाहीत, पाळायच्या. सामान्य मजकुरात कधीच न येणारे ‘एस्केप’ नावाचे एक चिन्ह, ज्याचा सांकेतिक क्रमांक २७ आहे, या आज्ञेची सुरुवात कळवते. त्यापुढे डावा चौकटी कंस, मग एक किंवा अधिक अंक आणि अखेरीस इंग्रजीतला लहान ‘एम’ आला की आज्ञा पूर्ण होते. अंक १ असेल तर पुढची अक्षरे ठळक, ४ असेल तर अधोरेखित, ५ असेल तर लुकलुकती, ७ असेल तर रंगांची अदलाबदल झालेली, आणि ० असेल तर आतापर्यंतचे सारे गुण काढून टाकलेले.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची आज्ञा वेगळी असे. १९७६ मध्ये युरोपीय संगणक उत्पादकांच्या संघटनेने ‘एक्मा-४८’ हे प्रमाण काढले, अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच धर्तीवर आपले प्रमाण स्वीकारले आणि या दोन्हींच्या मधल्या वर्षी, १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने बाजारात आणलेल्या ‘व्हीटी-१००’ या टर्मिनलने ही आज्ञापद्धती इतकी रुळवली की आजची प्रत्येक टर्मिनल-खिडकी कमीअधिक प्रमाणात त्याच यंत्राची वंशज आहे. त्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. रंग मुळीच नव्हते. मात्र एखादी ओळ दुप्पट रुंद किंवा दुप्पट उंच करण्याची सोय होती. दुप्पट उंचीसाठी तोच मजकूर लागोपाठ दोन ओळींत पाठवावा लागे आणि पहिल्या ओळीला ‘वरचा अर्धा भाग’, दुसरीला ‘खालचा अर्धा भाग’ अशी आज्ञा द्यावी लागे. या विचित्र वाटणाऱ्या सोयीचा भारतीय धागा पुढे येईल.

रंगांचे गणित तीन मूलप्रकाशांवर बेतलेले होते. लाल, हिरवा आणि निळा यांतला प्रत्येक प्रकाश एक तर आहे किंवा नाही, असे धरले तर आठच मिश्रणे होतात: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, निळसर हिरवा आणि पांढरा. अक्षरांसाठी ३० ते ३७ आणि पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ हे अंक या आठांना दिले गेले. हवामान विभागाच्या चार रंगांपैकी तीन या यादीत सापडतात. नारिंगी सापडत नाही, कारण त्यासाठी हिरवा प्रकाश अर्धवट पेटवावा लागतो आणि मूळ योजनेत अर्धवट असे काही नव्हतेच. त्यातही आयबीएमच्या १९८१च्या रंगीत पीसीवर मंद पिवळा मुद्दाम तपकिरी दाखवला जाई आणि ती सवय पुढच्या कित्येक टर्मिनलांनी उचलली, त्यामुळे ३३ हा अंक, म्हणजे नावाने पिवळा, काही पडद्यांवर नारिंगीच्या जवळ जातो. ज्या इशाऱ्यात पिवळा आणि नारिंगी यांच्यातला फरक म्हणजे ‘लक्ष ठेवा’ आणि ‘सज्ज राहा’ यांच्यातला फरक आहे, तिथे ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही.

नंतर रंगांची संख्या २५६ झाली: पहिले १६ जुने, मग तिन्ही प्रकाशांच्या सहा-सहा पायऱ्यांतून होणारे २१६ आणि शेवटी करड्या रंगाच्या २४ छटा. या यादीत २०८वा रंग अस्सल नारिंगी आहे आणि तो मिळवण्यासाठी ३८, ५ आणि २०८ हे तीन अंक अर्धविरामांनी जोडून एकाच आज्ञेत पाठवावे लागतात. पुढे ३८ आणि २ यांच्यानंतर लाल, हिरवा व निळा यांची ० ते २५५ पर्यंतची मापे थेट सांगण्याची सोय आली, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख रंग. गंमत अशी की २५६पैकी पहिल्या सोळा रंगांची नेमकी छटा कोणत्याही प्रमाणाने बांधून दिलेली नाही. ती वापरणाऱ्याने आपल्या खिडकीच्या सजावटीत जशी निवडली असेल तशी दिसते. प्रोग्रॅम लिहिणारा ‘लाल’ म्हणतो, तेव्हा तो रंग सांगत नसतो, रंगाचा क्रमांक सांगत असतो.

या पद्धतीची एक खोड सर्वांना छळते. आज्ञा एकदा दिली की ती रद्द होईपर्यंत लागू राहते. ओळ संपली, पान संपले, प्रोग्रॅम स्वतः संपला तरी पडदा त्याच अवस्थेत राहतो. लाल अक्षरांत एक ओळ छापून शेवटचे शून्य पाठवायला विसरलेला प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या पुढच्या सगळ्या आज्ञा लाल करून जातो. दुसरी अडचण अशी की हाच मजकूर पडद्याऐवजी फाइलमध्ये साठवला तर आज्ञाही अक्षरांसोबत साठवल्या जातात आणि ती फाइल साध्या संपादकात उघडणाऱ्याला गावांच्या नावांभोवती कंस आणि आकड्यांचा कचरा दिसतो. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्रॅम आधी विचारून घेतो की आपले बोलणे पडद्याकडे चालले आहे की फाइलकडे, आणि दुसऱ्या प्रसंगी रंग गाळतो. वापरणाऱ्याला रंग मुळीच नको असतील तर ते कळवण्यासाठी एक ठरावीक चल नेमण्याचा संकेतही २०१७ पासून रूढ होऊ लागला आहे. पुरुषांमध्ये साधारण आठ टक्क्यांना लाल-हिरव्यातला भेद कमीअधिक प्रमाणात कळत नाही, हे लक्षात घेता इशारा केवळ रंगाने देणे कोणत्याही पडद्यावर अपुरेच ठरते. रंगासोबत शब्द लागतो.

वेगवेगळ्या यंत्रांच्या वेगवेगळ्या आज्ञा प्रोग्रॅमकाराने पाठ कराव्यात, हे अर्थातच शक्य नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘टर्मकॅप’ नावाची एक सूची तयार केली, जिच्यात प्रत्येक टर्मिनलच्या नावापुढे त्याला काय काय येते आणि ते कोणत्या आज्ञेने येते हे लिहिलेले असे. तिच्या आधारावर केन अर्नोल्ड यांनी ‘कर्सेस’ हा प्रोग्रॅम-संच रचला. ‘टर्मइन्फो’ हा या सूचीचा पुढचा, अधिक पक्का अवतार आजही प्रत्येक लिनक्स संगणकावर आहे. प्रोग्रॅमकार ‘ठळक कर’ एवढेच म्हणतो, त्या पडद्यासाठी नेमकी आज्ञा कोणती हे सूची पाहते.

पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीत वाट निराळी होती. तिथे पडदा संगणकाला चिकटलेलाच असल्याने प्रवाहात आज्ञा मिसळण्याची गरज नव्हती; पडद्यावरच्या प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोन बाइट राखून ठेवलेले असत, एकात अक्षर आणि दुसऱ्यात त्याचे दृश्यगुण. दुसऱ्या बाइटमधल्या आठ बिटांपैकी चार अक्षराच्या रंगाला, तीन पार्श्वभूमीला आणि एक लुकलुकण्याला दिलेला होता. ८० गुणिले २५ घरांचा सारा पडदा अशा रीतीने ४,००० बाइटांत मावे.

या दोन्ही वाटांनी चालणाऱ्या यंत्रांत देवनागरी आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले. मोहन तांबे हे या कामातले प्रमुख नाव. जिस्टचे कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले, केवळ अक्षरांवर चालणारे प्रोग्रॅम त्यांच्यात काहीही न बदलता भारतीय लिप्या दाखवू लागत आणि युनिक्सच्या मोठ्या संगणकांना जोडण्यासाठी जिस्टची स्वतंत्र टर्मिनलेही होती. या सगळ्याच्या मुळाशी असलेली सांकेतिक पद्धती म्हणजे इस्की, जी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात १२७ पर्यंतच्या जागा नेहमीच्या इंग्रजी अक्षरांना आणि वरच्या जागा भारतीय अक्षरांना होत्या. आणि त्या वरच्या जागांतच २३९ या क्रमांकावर दृश्यगुणांचा एक खास संकेत ठेवलेला होता.

हा संकेत भारतीय अभियांत्रिकीचा एक दुर्लक्षित पण मोठा विचार आहे. २३९च्या पाठोपाठ येणारा एकच बाइट पुढच्या मजकुराचे रूप ठरवतो: ४८ असेल तर ठळक, ४९ तिरके, ५० अधोरेखित, ५१ रुंद, ५२ उठावदार, ५३ केवळ बाह्यरेषेचे, ५४ सावलीचे, ५५ म्हणजे अक्षराचा वरचा अर्धा भाग, ५६ म्हणजे खालचा आणि ५७ म्हणजे सारी ओळ दुप्पट. व्हीटी-१००ची दुप्पट उंचीची युक्ती इथे सरळ उचललेली दिसते. परंतु परदेशी पद्धतीतली चिकटून राहण्याची खोड मात्र उचललेली नाही, कारण इस्कीतला गुण पुढचा संकेत येईपर्यंत किंवा ओळ संपेपर्यंतच टिकतो. विसराळू प्रोग्रॅमचे नुकसान एका ओळीपुरते राहते. या एका निर्णयात एस्केपच्या पद्धतीपेक्षा अधिक शहाणपण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. ६४पासून पुढचे अंक लिप्यांसाठी आहेत: ६५ रोमन, ६६ देवनागरी, ६७ बंगाली, ७२ कन्नड, ७४ गुजराती, आणि अरबी-फारसी घराण्यासाठी आणखी पुढचे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला एकाच रचनेची असल्याने इस्कीने एका ध्वनीला सर्व लिप्यांत एकच क्रमांक दिला होता. १७९ म्हणजे ‘क’, मग तो नागपूरचा असो की सुरतेचा. तेव्हा ‘अलिबाग’ हा शब्द एकदाच साठवायचा आणि त्याच्या आधी ६६ ठेवला तर तो देवनागरीत, ७४ ठेवला तर गुजरातीत दिसायचा. लिपी ही या रचनेत ठळकपणासारखाच एक दृश्यगुण झाली. मजकूर म्हणजे ध्वनी आणि लिपी म्हणजे त्याचा वेश, ही भूमिका भारतीय व्याकरणपरंपरेला परकी नाही. यंत्राच्या आज्ञांच्या कोष्टकात ती इतक्या उघडपणे क्वचितच उतरली असेल.

या भूमिकेची मर्यादा मात्र रायगडच्या किनाऱ्यावरच चांगली दिसते. कुलाब्याच्या आंग्रे घराण्याच्या काळातला मराठी कारभार मोडीत चाले. मोडीसाठी इस्कीच्या या कोष्टकात अंक नव्हता, आणि तो असता तर एकच मजकूर अभ्यासकाला मोडीत आणि सामान्य वाचकाला देवनागरीत दाखवता आला असता, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मोडी लिहिणारे ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांतला भेद सहसा पाळत नसत, म्हणून मोडी कागदातला शब्द देवनागरीत आणताना वेलांटी कोणती आणि उकार कोणता, हे वाचणाऱ्याला भाषेच्या ज्ञानाने ठरवावे लागते. उलट देवनागरी मजकुराला मोडीचा वेश चढवला तर जुन्या कारकुनाने कधीच केला नसता असा भेद त्यात उतरतो. लिपी केवळ वेश नसते, तिच्यात लिहिणाऱ्याच्या सवयीही असतात. युनिकोड या जागतिक पद्धतीने देवनागरी, गुजराती, कन्नड यांची अक्षरे १९८८च्या इस्कीच्या क्रमानुसार मांडली, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र क्रमांक दिले आणि दृश्यगुणांचा संकेत गाळला, कारण ठळकपणा किंवा रंग हा मजकुराचा भाग नाही, अशी तिची धारणा आहे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आपली स्वतंत्र जागा मिळाली.

गाळलेले दृश्यगुण अर्थातच नाहीसे झाले नाहीत. ते एस्केपच्या जुन्या आज्ञांकडे परत गेले, आणि त्या आज्ञा ज्या काळात ठरल्या त्या काळात एक घर म्हणजे एक अक्षर हे गृहीत होते. देवनागरीत ते खरे नाही. ‘श्रीवर्धन’ या नावातला ‘श्री’ संगणकाच्या लेखी श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार चिन्हांचा असतो. त्याला किती घरे द्यायची यावर टर्मिनल आणि त्यात चालणारा प्रोग्रॅम यांचे एकमत नसेल, तर पुढचा रकाना सरकतो आणि गावांच्या यादीतले आकडे एकाखाली एक येत नाहीत. अधोरेखनाची रेघ रोमन अक्षरांच्या पायाशी बेतलेली असल्याने ‘मुरुड’मधल्या ‘मु’च्या उकाराला कापून जाते. तिरकेपणा छापील देवनागरीच्या परंपरेतला नसल्यामुळे बहुतेक टंकांत त्यासाठी वेगळे वळण नसते आणि सरळ अक्षरच ओढून वाकवले जाते. टर्मिनलवरच्या मराठीसाठी रंगांची अदलाबदल हा त्यातल्या त्यात निर्धोक गुण, कारण तो अक्षराच्या आकाराला हात लावत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग शोधाचा. ‘ग्रेप’ हा युनिक्समधला जुना प्रोग्रॅम एखाद्या फाइलमधून हवा तो शब्द असलेल्या ओळी काढून देतो आणि सापडलेला भाग लाल, ठळक करून दाखवतो. त्यासाठी तो त्या भागाआधी रंगाची आज्ञा आणि नंतर रंग काढण्याची आज्ञा घुसवतो. किनाऱ्यावरच्या गावांच्या यादीत ‘क’ शोधला तर ‘किहीम’ची ओळ सापडते, पण साठवणीत ‘क’ आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर असल्यामुळे रंग काढण्याची आज्ञा नेमकी त्या दोघांच्या मध्ये येऊन बसते. दिसताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे जायला हवी, परंतु मध्येच आज्ञा आल्याने अनेक टर्मिनलांना ती कोणाची आहे हे उमगत नाही, आणि लाल ‘क’च्या शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकलेली पोरकी वेलांटी दिसते. दोष ग्रेपचा म्हणावा तर त्याने सांगितलेले चिन्हच शोधले. टर्मिनलचा म्हणावा तर त्याला आलेल्या आज्ञा त्याने क्रमाने पाळल्या.

यावरचा इलाज म्हणजे आज्ञा चिन्हांच्या मध्ये न घालता वाचकाला एक वाटणाऱ्या पूर्ण अक्षराच्या कडेलाच घालणे. असे पूर्ण अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. ‘कि’ फोडू नये हे त्यांत पूर्वीपासून होते, पण जोडाक्षरांच्या बाबतीत ते बराच काळ अपुरे होते आणि ‘श्री’चे दोन तुकडे करण्याला मुभा देत. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम जोडला गेला, ज्यामुळे देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांतली हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र धरली जातात. टर्मिनल-खिडक्या तो नियम हळूहळू स्वीकारत आहेत, सगळ्या नव्हेत. तोवर मराठी यादी रंगवणाऱ्या प्रोग्रॅमकाराने सापडलेल्या चिन्हाऐवजी ते ज्या शब्दात आहे तो सबंध शब्द रंगवावा आणि रंगाशेजारी ‘नारिंगी’ किंवा ‘लाल’ असे अक्षरांत लिहावे, म्हणजे फाइलमध्ये साठवताना आज्ञा गळून पडल्या तरी इशारा शिल्लक राहतो.